कॅरिअर, पेट्या आणि खडखडाट: नाशिकच्या बाईकवाल्यांचे घरगुती उपाय

रिकामटेकडा_रायडर

मंडळी नमस्कार,

गाडी ३५० सीसीची, सिंगल सिलिंडर. मागे लोखंडी कॅरिअर, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनिअमच्या पेट्या, वर प्लास्टिकचा टॉप बॉक्स. कॅरिअर आपल्या इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलंय. गंगापूर रोडवर चांगल्या डांबरावरसुद्धा ६०-६५ च्या वेगाला डावीकडून बारीक टर्रर्र सुरू होतं. ७५ च्या पुढे गेलो की बंद. त्र्यंबक ओलांडून मोखाड्याच्या रस्त्याला लागलं की प्रकार वेगळा, खड्ड्यागणिक ठाण-ठाण. मागे बसणारी विचारते, लग्नाच्या पंगतीची भांडी घेऊन चाललोय का आपण?

सगळे नट आवळून झाले. पेट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. बोल्टच्या डोक्याखाली जाड रबरी वॉशर टाकले. थोडे दिवस शांतता, मग परत येरे माझ्या मागल्या.

'हे काढ आणि बाहेरचा रेडीमेड रॅक घे' हा सल्ला कृपया नको. घरात, पंक्चरवाल्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळेल त्यातून काय जमेल ते सांगा.

पंचवटी_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली. माझा टॉप बॉक्स पण असाच बोंबलतो.

लेथवाला_अंबड

दादा, तुझ्याकडे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालणार नाही.

ठराविक वेगालाच येणारा आणि पुढे गेलं की जाणारा आवाज म्हणजे रेझोनन्स. ६० च्या आसपास तुझं इंजिन साधारण तीन हजार आरपीएमला असेल. म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. कॅरिअरचा एखादा लांब, आधार नसलेला भाग नेमका त्याच तालावर थरथरतो. तिथे नट कितीही आवळ, फरक पडणार नाही, कारण तिथे काही सैल नाहीच. तो भाग ताठ करायचा किंवा त्याचं वजन बदलायचं. सोपी परीक्षा: सेंटर स्टँडवर गाडी लावून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढव आणि आवाज लागला की एकेक नळी हाताने दाबत जा. ज्याला हात लावल्यावर आवाज मरतो तो आरोपी. सायलेन्सरपासून हात लांब ठेव.

खड्ड्यातला ठाण-ठाण म्हणजे प्ले. दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा आहे आणि त्या एकमेकींवर आपटताहेत. तिथे रबर, फोम, पट्टा, सगळं उपयोगी.

आता ते बोल्टच्या डोक्याखालचे रबरी वॉशर. आजच काढ. बोल्ट धरून राहतो तो आवळल्यामुळे आलेल्या ताणावर. लोखंड लोखंडावर घट्ट बसलं की ते आडवं सरकत नाही, आणि सरकलं नाही तर नट फिरत नाही. मध्ये रबर आलं की रबर दबत राहतं, ताण उतरतो, जोड आडवा हलायला लागतो आणि नट आपोआप सुटतो. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये हे यंत्रावर करून दाखवलं होतं. नट ढिला पडतो तो मुख्यतः आडव्या सरकण्याने. स्प्रिंग वॉशर त्या परीक्षेत फारसा उपयोगी पडत नाही. जोड पुरेसा आवळायच्या आधीच तो चपटा होतो, नंतर तो साध्या वॉशरसारखाच. आपल्याकडे मात्र स्प्रिंग वॉशर घातला की काम पक्कं असं पिढ्यान्पिढ्या चाललंय.

तर नियम एकच ठेव. जिथे दोन गोष्टी नुसत्या टेकतात तिथे रबर. जिथे बोल्ट आवळतो तिथे धातूवर धातू.

रिकामटेकडा_रायडर

मग बोल्टच्या जागी रबर द्यायचंच नाही का? गाडीच्या साईड पॅनेलला तर कंपनीचेच रबरी ग्रोमेट असतात.

लेथवाला_अंबड

असतात, पण एक काढून बघ. बहुतेक ठिकाणी रबराच्या आत धातूची बारीक नळी सापडेल. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, रबर नुसतं भोवती दबून राहतं. तसंच घरी कर. एम-८ चा बोल्ट असेल तर त्यावर सहज जाईल अशी नळी घे, रबराच्या एकूण जाडीपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर आखूड काप, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर दे. नट पूर्ण आवळला की रबर तेवढंच दबतं आणि पुढे दबायला जागाच राहत नाही. नळी काटकोनात कापली गेली पाहिजे. हॅकसॉने तिरपी झाली तर सातपूर-अंबडला कुठल्याही लेथवर फेसिंग करून, म्हणजे टोक सपाट करून घे, चहा पिऊन होईपर्यंत काम होतं.

नट नायलॉक वापर, आत नायलॉनची रिंग असलेला. नायलॉनच्या रिंगमधून बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर रिंगने आटा पकडलेलाच नसतो. एकदा काढलेला नायलॉक परत वापरू नकोस. सायलेन्सरजवळ नायलॉक नको, तिथे नायलॉन मऊ पडतं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट.

कसारा_घाट

थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा डिंक, टाका आणि विषय संपवा. निळा घ्यायचा, लाल नाही. लाल लावला तर सोडवायला गॅसने तापवायला लागतो.

लेथवाला_अंबड

निळा चालेल, पण आटे पेट्रोलने धुऊन, वाळवून. आणि नायलॉक असेल तर थ्रेडलॉकरची गरज नाही. एकच काहीतरी. आणखी एक, प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेव. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पाना न लावता दहा सेकंदांत तपासणी.

द्राक्षबाग_पिंपळगाव

आमच्याकडे या आवाजाचं औषध बांधावर पडलेलं असतं. ठिबकची जुनी लॅटरल. बागेतली नळी दर काही वर्षांनी बदलावीच लागते, भंगारात किलोच्या भावाने जाते. कोणत्याही बागायतदाराला मागा, हात धरून देईल.

कॅरिअर १२ मिमीच्या सळईचं असेल तर १६ मिमीची लॅटरल घ्या. १६ मिमीच्या पाईपचं असेल तर २० मिमीची. लांबीत एका बाजूने ब्लेडने चीर द्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मऊ झाली की सळईवर चढवा. गार झाली की गच्च धरते. काळी नळी असल्यामुळे उन्हाने तडकत नाही, तिचा जन्मच उन्हात राहण्यासाठी झालाय.

चीर नेहमी खालच्या बाजूला ठेवा. वर ठेवली तर पावसाचं पाणी आत बसतं आणि कॅरिअर आतून गंजतं. ड्रिपरची भोकं असलेला तुकडा आला तरी हरकत नाही, भोक खाली करा म्हणजे पाणी निथळायला आणखी एक वाट.

ट्यूब गुंडाळण्यापेक्षा हे बरं. ट्यूबच्या घड्यांमध्ये पाणी आणि माती अडकते, दिवाळीत सोडून बघितलं तर खाली लाल चुरा.

पंचवटी_एक्सप्रेस

दादा, पिंपळगावला येतो नळी घ्यायला. द्राक्षं पण देणार का?

द्राक्षबाग_पिंपळगाव

फेब्रुवारीत या. आत्ता छाटणी चालू आहे, द्राक्षं मागितलीत तर कात्री हातात मिळेल.

मृणाल_सिडको

कॅरिअरबद्दल बरंच झालं, पेटीच्या आत काय चाललंय ते कोणी बघितलंय का? निम्मा आवाज आतल्या सामानाचा असतो. रिकामी पेटी घेऊन एक फेरी मारा, मग भरलेली घेऊन तीच फेरी. फरक लगेच कळतो.

अ‍ॅल्युमिनिअमच्या पेटीत आणखी एक त्रास. सामान आतून घासत राहिलं की करडी-काळी पूड सुटते आणि सगळ्या कपड्यांना लागते. ती अ‍ॅल्युमिनिअमचीच झीज असते. मी तळाला आणि चारी बाजूंना जुनी योगा मॅट कापून बसवली आहे. चिकटवलेली नाही, नुसती मापात घट्ट. चिकटवली की धुता येत नाही आणि पावसाळ्यात खाली बुरशी.

भरायची पद्धत अशी. पाने, स्क्रूड्रायव्हर, प्लग काढायचा पाना जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळून सुतळीने बांधायचे, आणि पेटीच्या तळाला, गाडीकडच्या बाजूला. स्टीलच्या डब्याचं झाकण आणि डबा यांच्यात रुमाल. स्टोव्ह असेल तर भांड्याच्या आत, वर टॉवेल कोंबायचा. शेवटी पेटीत हात घालून हलवून बघायचं, काही सरकलं तर तिथे एक टी-शर्ट. सांगायला सोपं आहे, पण सकाळी सहाला घाईत निघताना लोक नेमकं हेच सोडतात आणि मग वाटभर बोल्टना शिव्या.

झाकणाचा आवाज वेगळा काढा. कडी लावल्यावर झाकण बोटाने वर-खाली हलतं का बघा. हलत असेल तर काठाला कारच्या दाराची चिकट रबर पट्टी लावा. पट्टी पोकळ घ्या, भरीव घेतलीत तर कडी लागणारच नाही. तरीही प्ले उरला तर कडीच्या आकड्यावर ट्यूबचा छोटा तुकडा.

कसारा_घाट

ताई, योगा मॅटपेक्षा द्राक्षाच्या पेटीत येतो तो पांढरा फोम स्वस्त. मार्केटमधून फुकट मिळतो.

मृणाल_सिडको

मिळतो, वापरून झालाय. कपड्यांच्या बाजूला ठीक आहे, पाने ठेवता तिथे थोड्याच दिवसांत त्याचा पापड होतो. आणि सायलेन्सरच्या बाजूच्या पेटीत तळाला तो फोम नको. आतून वितळून चिकटला तर खरवडत बसावं लागतं.

दूध_किटली

तुम्ही सगळे शिकलेले लोक. पहाटे पेठ रोडला किंवा दिंडोरी रोडला उभं राहा आणि दूधवाल्यांच्या गाड्या बघा. चाळीस-चाळीस लिटरच्या कॅन दोन्ही बाजूंना, रस्ता कसाही, आणि आवाज जवळपास नाही. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, म्हणून सांगतो.

कॅन ज्या आकड्याला अडकते तो आकडा उघडा नसतो. ट्रकच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी, ताणून, अर्धी अर्धी एकावर एक चढवत गुंडाळलेली. शेवटचं टोक आतल्या वेढ्याखालून ओढून काढायचं, मग गाठ नको आणि चिकटपट्टी नको. ट्रकची ट्यूब जाड असते, सायकलची आठवड्यात कापली जाते.

दुसरी गोष्ट, कॅन आणि फ्रेम यांच्यामध्ये टायरचा तुकडा. नुसता नाही, टायरची गोलाई कॅनच्या गोलाईला लागेल असा. तिसरी आणि मुख्य, कॅन भरलेली असो की रिकामी, बुडाला एक पट्टा फ्रेमशी ओढून बांधलेला. वरून टांगलेली वस्तू खाली मोकळी असेल तर ती झुलणार आणि आपटणार. तुमच्या पेट्यांना खाली आधार आहे का ते बघा.

लेथवाला_अंबड

हे शंभर टक्के. पुस्तकात वाचण्यापेक्षा हे बघावं. माझ्याकडे येणारी निम्मी घरगुती कॅरिअर वरच्या दोन बोल्टवर लटकलेली असतात, खाली काहीच नाही.

कसारा_घाट

बांधायला बंजी दोरी उत्तम. ताण कायम राहतो.

दूध_किटली

राहतो म्हणूनच घातक. खड्ड्यात सामान उडालं की दोरी ताणते आणि परत आपटवते. आवाज तिथूनच. वर आकडा निसटला तर थेट डोळ्यावर. पट्टा घ्या, बकलचा.

कसारा_घाट

हलक्या सामानाला बंजी चालते हो. रेनकोट, चादर. सगळ्याला रॅचेटचा, म्हणजे दांडा मारून आवळायचा पट्टा लावला तर प्लास्टिकचा बॉक्स पिचेल.

मृणाल_सिडको

दोघंही बरोबर आहात. वजनदार वस्तू पट्ट्याने, वरून रेनकोट बंजीने. रॅचेट ट्रकच्या सामानासाठी असतो, बाईकला साधा कॅम बकलचा पट्टा पुरे, हाताने जितका ओढला जाईल तितकाच घट्ट. आणि पट्ट्याचं मोकळं टोक गुंडाळून खोचा. उडत राहिलं तर पटपटतं, चाकात गेलं तर बघायलाच नको.

रिकामटेकडा_रायडर

परवा रविवारी सकाळपासून बसलो होतो. निष्कर्ष सांगतो.

लेथवाले दादांची रेसची परीक्षा केली. डावीकडची खालची आडवी नळी दाबली की टर्रर्र पूर्ण बंद. ठाण-ठाण उजवीकडची पेटी आणि पायदानाच्या ब्रॅकेटमधला, तिथे पेटीचा कोपरा घासून चकचकीत झालाय. तिथे टायरचा तुकडा आणि खालून पट्टा, तो विषय मिटला. रबरी वॉशर काढले, नायलॉक लावले, नेलपॉलिशच्या रेघा ओढल्या (रंग घरच्यांनी निवडून दिला, गुलाबी). दोन्ही नळ्यांना १६ ची लॅटरल.

पण डावीकडची ती नळी दाबली तर जरा जास्तच वाकते असं वाटतंय. उजवीकडची तशी नाही. हे नॉर्मल आहे का? तिथे फोम ठासून बांधून टाकू का?

लेथवाला_अंबड

थांब. फोम बिम काही नको. नळी एका बाजूलाच वाकत असेल तर वेल्डिंगपाशी चीर असू शकते. लॅटरल सरकव आणि वेल्ड उघडं कर.

चीर बघायची घरगुती रीत: वेल्डभोवतीचा भाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ कर. त्यावर रॉकेल किंवा डिझेल लाव आणि पाच-दहा मिनिटं मुरू दे. मग फडक्याने खडखडीत पूस आणि लगेच खडूची पूड शिंपड, किंवा खडू पाण्यात कालवून पातळ लेप दे आणि वाळू दे. चीर असेल तर आत शिरलेलं तेल खडूत वर येतं आणि केसाएवढी काळी रेघ उमटते. नळी हाताने थोडी वाकवून बघ, रेघ जाड होते. कारखान्यात यासाठी लाल रंगाचा स्प्रे असतो, तत्त्व हेच. इंजिन थंड असताना कर, रॉकेलचं फडकं सायलेन्सरजवळ ठेवू नकोस.

रेघ बहुतेक वेल्डच्या मण्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या उंचवट्यावर नसेल, मण्याच्या अगदी कडेला असेल. तिथे तापून लोखंडाची जात बदललेली असते, तुटतं ते बहुतेक तिथेच.

रिकामटेकडा_रायडर

आली रेघ. नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत. पावडर कोटिंगच्या खाली काही दिसत नव्हतं, फक्त गंजाचा एक ठिपका होता.

पंचवटी_एक्सप्रेस

बाप रे. मी माझं आत्ता बघायला जातोय.

लेथवाला_अंबड

बरं झालं आवाज होता. आता त्याच चिरेवरून वेल्डिंगचा मणी फिरवून घेऊ नकोस, महिन्यात शेजारी तुटेल. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, चीर ग्राइंडरने खोबणी करून भरायची, आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी टाकायची. वेल्डिंग कॅरिअर गाडीवरून उतरवून. उतरवणं शक्यच नसेल तर आधी बॅटरीची तार सोड.

मूळ कारण मात्र वेगळं आहे. डावी आणि उजवी चौकट एकमेकींना कुठेच जोडलेली नसेल. दोन्ही स्वतंत्र थरथरतात. नंबर प्लेटच्या मागून एक आडवी नळी टाक, डावीकडून उजवीकडे, दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बोल्टने. वजन अर्धा किलो वाढेल, पण तो ६०-६५ चा टर्रर्र तिथेच मरतो. चाक वर आलं तरी नळीला लागणार नाही एवढी जागा सोड. दोन माणसं मागे बसवून शॉकअप दाबून बघ, मगच भोकं पाड.

द्राक्षबाग_पिंपळगाव

पेट्या अ‍ॅल्युमिनिअमच्या आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर एक गोष्ट. पावसाळ्यात दोन धातूंच्या मध्ये पाणी राहिलं की अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं आणि पांढरी पूड सुटते, भोक मोठं होतं आणि परत प्ले. बोल्ट बसवताना थोडं ग्रीस. इगतपुरीकडे जुलै-ऑगस्टमध्ये फिरणाऱ्यांनी तर नक्कीच.

मृणाल_सिडको

सिलिकॉन सीलंटने भेगा भरणाऱ्यांसाठी: ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो लोखंडावर लावू नका, गंज धरतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या. आणि एपॉक्सी पुट्टी थरथरणाऱ्या जागी टिकत नाही, तडकून त्याचे खडेच पेटीत वाजायला लागतात.

नवखा_म्हसरूळ

माझा प्रश्न थोडा वेगळा. पेटी वगैरे नाही, साधी १२५ सीसी. डावीकडचा साडी गार्डच वाजतो. काढूनच टाकू का? तिथे पेटी पण बसेल.

लेथवाला_अंबड

काढू नकोस. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगितलेलं आहे. साडी, ओढणी, उपरणं, काहीही चाकात जाऊ नये म्हणून. त्याच नियमात २०२० मध्ये मागे लावायच्या हलक्या पेटीची मापं आली: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० आणि उंची ५००. पेटी मागच्या सीटच्या जागी ठेवली तर फक्त चालवणाऱ्याने बसायचं. मोठी पेटी करून घेणाऱ्यांनी टेप घेऊन जा.

साडी गार्ड वाजतो तो बहुतेक वेळा खालच्या क्लॅम्पमध्ये. क्लॅम्प सोड, गार्डच्या नळीवर लॅटरलचा दोन इंचांचा तुकडा चढव, क्लॅम्प परत आवळ. तिथे पट्टी नळीला वेढते, वजन काही पेलत नाही, त्यामुळे रबर किंवा प्लास्टिक चालतं. पट्टीची दोन टोकं बोल्टपाशी एकमेकांना टेकलेली हवीत.

नवखा_म्हसरूळ

झालं, वीस मिनिटांत. आता फक्त चेन वाजतेय.

कसारा_घाट

चेनसाठी वेगळा धागा काढा राव.

रिकामटेकडा_रायडर

अपडेट: चीर भरून, त्रिकोणी पट्टी आणि आडवी नळी टाकून आणली. पेठ रोडने सावळघाट चढून-उतरून आलो, दोन्ही पेट्या भरलेल्या. डावीकडे काही नाही. टॉप बॉक्स अजून बेस प्लेटवर थोडा डुलतो. प्लेटच्या खोबणीत ट्यूबची पट्टी लावली तर लॉक लागत नाही, न लावली तर हलतो. पातळ काय मिळेल?

दूध_किटली

सायकलची ट्यूब. ट्रकची तिथे जाड होते. एकच थर, आणि पूर्ण खोबणीत नको, मागच्या दोन कोपऱ्यांत फक्त.